वाचकांचे प्रश्न : मोठे घर की जवळचे घर?

प्रश्न : नोकरीतील बदलीमुळे दोन महिन्यांत आम्हाला दुसऱ्या शहरात राहायला जायचे आहे. दोन घरे पाहून ठेवली आहेत. एक शहराच्या कडेला, तीन खोल्यांचे, हवेशीर आणि कमी भाड्याचे आहे; मात्र तेथून कार्यालयात पोहोचायला सव्वा तास लागतो आणि वाटेत एकदा गाडी बदलावी लागते. दुसरे दोन खोल्यांचे आहे, त्याचे भाडे जवळजवळ दीडपट आहे, पण तेथून कार्यालय पंचवीस मिनिटांवर आहे. घरातील सर्वांचा कल मोठ्या घराकडे आहे. आपण काय सुचवाल?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून माझा कौल लहान घराला आहे. दोन्ही घरांच्या प्रवासातील फरक एका फेरीला पन्नास मिनिटांचा, म्हणजे दिवसाला शंभर मिनिटांचा आहे. महिन्यात कामाचे बावीस दिवस धरले तर हा फरक ३६ तासांहून अधिक होतो. भाड्यात वाचणारी रक्कम आपण कागदावर मांडली असेलच. तिच्यातून आधी वाढीव प्रवासखर्च वजा करावा आणि उरलेल्या रकमेसाठी दरमहा इतके तास द्यायला आपण राजी आहोत का, हे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे. मोठ्या घराकडे कल असलेल्यांपैकी रोजचा प्रवास प्रत्यक्षात कोणाला करावा लागणार आहे, हेही त्या चर्चेत स्पष्ट झालेले बरे.

अर्थशास्त्राच्या रूढ गृहीतकानुसार लांबचा प्रवास पत्करणाऱ्या माणसाला कमी भाड्यातून किंवा अधिक पगारातून त्याची भरपाई मिळत असते, नाहीतर तो तो प्रवास पत्करणारच नाही. ब्रूनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे हे गृहीतक तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांचा प्रवास अधिक लांबला होता त्यांनी आपल्या आयुष्याबद्दलचे समाधान कमी असल्याचे नोंदवले होते. म्हणजे ती भरपाई पुरती होत नव्हती. त्याआधी २००४ साली डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसातील एकेक काम करताना मनःस्थिती कशी होती, हे विचारले होते. त्यात सकाळी कामावर जाण्याचा प्रवास अगदी तळाला होता. याचे कारण मला असे वाटते की, जास्तीच्या खोलीची आपल्याला काही आठवड्यांत सवय होते आणि तिचे अप्रूप उरत नाही. आज गाडी वेळेवर येईल का, आत शिरायला मिळेल का, ही विवंचना मात्र रोज सकाळी नव्याने सुरू होते.

म्हणूनच ‘सव्वा तास’ हा आकडा आपल्याला कोठून मिळाला, हे मला महत्त्वाचे वाटते. तो घरमालकाने किंवा दलालाने सांगितलेला असेल, अथवा सुटीच्या दिवशी दुपारी नकाशावर पाहिलेला असेल, तर त्यावर विसंबू नये. कामाच्या दिवशी कार्यालयाच्या नेमक्या वेळेला घराच्या दारापासून कार्यालयाच्या दारापर्यंत स्वतः जावे, संध्याकाळी त्याच मार्गाने परत यावे, आणि चालणे, थांबणे व प्रत्यक्ष वाहनात बसणे यांचा वेळ वेगवेगळा टिपून ठेवावा. प्रवासाचे नियोजन करणारे अभ्यासक थांब्यावरच्या एका मिनिटाचे ओझे वाहनातील मिनिटाच्या सुमारे दुप्पट धरतात. त्यामुळे गाडी बदलावी लागणारा मार्ग घड्याळात दिसतो त्यापेक्षा अधिक थकवतो. पहिली गाडी पाच मिनिटे उशिरा आली, दुसरी त्यामुळे चुकली आणि पुढची अर्ध्या तासाने असेल, तर त्या दिवशीचा उशीर पाच मिनिटांचा राहत नाही. कार्यालयात वेळेवर हजर राहायचे असेल तर घरातून निघण्याची वेळ अशा वाईट दिवसाच्या हिशेबानेच ठरवावी लागते, आणि मग चांगल्या दिवशीही ती वीस-पंचवीस मिनिटे आपल्याच खात्यातून जातात. रात्रीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे विचारायलाही विसरू नये.

माझा कौल बदलू शकतील अशा दोन गोष्टी आहेत. आठवड्यातील तीन-चार दिवस घरूनच काम करण्याची मुभा आपल्याला लेखी मिळालेली असेल, तर प्रवासाचे तास बरेच घटतात आणि दिवसभर ज्या खोलीत बसायचे ती मोठी आणि शांत असणे जास्त मोलाचे ठरते. (वरिष्ठांच्या तोंडी आश्वासनावर मात्र घर निवडू नये, वरिष्ठ बदलतात, भाडेकरार तसाच राहतो.) तसेच घरातील दुसरी व्यक्ती नोकरी करत असेल किंवा मुलांची शाळा कडेच्या वस्तीजवळ असेल, तर सर्वांच्या प्रवासाची बेरीज करून पाहावी. निर्णय होत नसेल तर पहिला करार शक्य तितक्या कमी मुदतीचा करावा. शहर अंगवळणी पडल्यावर आपली निवड बदलण्याची शक्यता बरीच असते.

प्रश्न : पसंत पडलेले घर दुसरे कोणी घेऊ नये म्हणून आजच अनामत रक्कम भरा, करार नंतर करू, असे दलाल सांगतो. रक्कम द्यावी का?

उत्तर : देऊ नये. घर आतून पाहिलेले नसताना, भाड्याने देणाऱ्याला तसा अधिकार आहे याचा कागद हाती नसताना आणि अटी लिहून मिळालेल्या नसताना दिलेली रक्कम परत मिळवणे फार अवघड असते. घाई करणे हीच फसवणुकीची नेहमीची रीत आहे. प्रामाणिक दलालही घाई करतो, हे खरे. पण तो पावती द्यायला आणि दोन दिवस थांबायला तयार होतो.

करारात अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, तिच्यातून कोणत्या कारणांसाठी कपात होईल, घर सोडण्याची पूर्वसूचना दोन्ही बाजूंनी किती दिवसांची असेल, भाडेवाढ केव्हा आणि किती होईल व मोठी दुरुस्ती कोण करील, एवढे तरी स्पष्ट लिहिलेले असावे. नेहमीच्या वापराने होणारी झीज म्हणजे नुकसान नव्हे, हे वाक्य आग्रहाने घालून घ्यावे, कारण घर सोडताना बहुतेक वाद तेथेच होतात. ताबा घेण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून आणि वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे लिहून घरमालकाला लेखी संदेशाने पाठवावेत. एखाद्याच भिंतीला ताजा रंग दिसला तर ओल झाकलेली नाही ना, हे विचारावे. भाड्याचे कायदे ठिकाणागणिक वेगळे असल्याने सहीपूर्वी मसुदा तेथील वकिलाला दाखवावा.

प्रश्न : नव्या वस्तीत येऊन चार महिने झाले, तरी ओळख म्हणावी अशी कोणाशीच झालेली नाही. दोष माझ्या स्वभावाचा आहे का?

उत्तर : चार महिने हा त्यासाठी फारच थोडा काळ आहे. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नुकतेच स्थलांतर केलेल्या प्रौढांचा अभ्यास केला. नुसत्या ओळखीचे जुजबी मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो, मैत्री म्हणता येईल अशा नात्याला सुमारे ९० तास लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक, असे त्यांना आढळले. शेजारच्या टेबलावर केवळ काम करण्यात गेलेले तास तेवढे उपयोगी पडत नाहीत. याहून जुना, १९५० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास अमेरिकेतील विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा आहे. जिना आणि टपालपेट्यांजवळच्या घरांत राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरील लोकांशी अधिक मैत्री झाली होती, कारण येताजाता त्यांची गाठ पडत असे.

आपल्याला अशी गाठ मुद्दाम घडवून आणावी लागेल. आठवड्याच्या ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी तीच माणसे जमतात असे एखादे ठिकाण निवडावे, मग ते वाचनालय असो, व्यायामाचा वर्ग असो किंवा इमारतीची बैठक असो. पहिल्या काही वेळा विशेष बोलणे झाले नाही तरी जाणे थांबवू नये.