मूल मांडीवर होते, म्हणून त्याची भरपाई कमी होते का?

संगमनेर येथील एका भगिनींनी पत्र पाठवले आहे. त्यांच्या मालकीची मोटार त्यांचा भाऊ चालवत होता. मागच्या आसनावर डाव्या बाजूला त्या स्वतः पट्टा लावून बसल्या होत्या आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी मांडीवर, म्हणजे पट्ट्याच्या बाहेर होती. पुणे-नाशिक महामार्गावर बाजूच्या रस्त्याने न थांबता आलेल्या टेम्पोने मोटारीच्या मागील डाव्या दाराला धडक दिली आणि मोटार पुढे दुभाजकावर आदळली. मुलीच्या डाव्या मांडीचे हाड मोडले, आणि समोरच्या आसनाच्या पाठीवर तोंड आपटून जबड्याला इजा झाली. टेम्पोच्या विमा कंपनीतर्फे आलेल्या गृहस्थांनी, मूल पट्ट्यात नव्हते हा तुमचाच गुन्हा आहे, असे सांगून 80 हजार रुपयांवर सर्व मिटवण्याची तयारी दाखवली आहे. एका नातलगाचा सल्ला असा की मुलगी बेबी सीटमध्ये होती असेच जबाबात सांगावे. भावाला दंडाचे चालान आले असून ते भरले तर कबुली दिल्यासारखे होईल, अशी त्याला धास्ती आहे. अपघाताला चार महिने होऊन गेले आहेत.

आपल्या प्रश्नांपैकी सर्वांत घातक प्रश्न नातलगांच्या सल्ल्याचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. मुलगी बेबी सीटमध्ये होती असे आपण पोलिसांना किंवा न्यायाधिकरणापुढे अजिबात सांगू नये. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे शपथेवर दिलेली साक्ष ही न्यायालयीन साक्ष मानली जाते, आणि खोटी साक्ष देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. शिवाय घटनास्थळाच्या पंचनाम्यात आणि मोटारीच्या छायाचित्रांत जी सीट कोठेच दिसत नाही, ती उलटतपासणीत टिकणार नाही. आणि ती एकदा खोटी ठरली की टेम्पोचालकाच्या चुकीबद्दल आपण सांगितलेले खरेही संशयास्पद ठरेल. मुख्य म्हणजे, हे खोटे बोलण्याची आपल्या मुलीला गरजच नाही.

प्रथम दंडाविषयी. मोटार वाहन अधिनियमात 2019 च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम 194ब च्या पोटकलम (2) नुसार, चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल सुरक्षा पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा आसनाने बांधलेले नसताना जो वाहन चालवतो, तसेच जो ते चालवण्यास लावतो किंवा चालवू देतो, त्याला एक हजार रुपये दंड आहे. आईची मांडी या दोन्हींत बसत नाही. पुष्कळ घरांत दोघांभोवती मिळून एकच पट्टा लावला की भागते अशी समजूत आहे. ती कायद्याच्या दृष्टीने चूक आहेच, पण धोकादायकही आहे, कारण धडकेच्या वेळी मोठ्या माणसाच्या शरीराचा सारा भार पट्टा आणि शरीर यांच्यामध्ये सापडलेल्या मुलावर येतो. वाहन आपल्या नावावर असल्यामुळे आणि आपण त्यात बसलेल्या असल्यामुळे ‘चालवू देतो’ हे शब्द आपल्यालाही लागू होतात. चालान वस्तुस्थितीला धरून असेल तर ते तडजोड शुल्क भरून मिटवावे. ते भरल्याने अपघात कोणाच्या चुकीमुळे झाला, हा प्रश्न निकाली निघत नाही; मूल बांधलेले नव्हते एवढीच गोष्ट त्यातून दिसते, आणि ती तर आपण स्वतःहून सांगणारच आहात.

आता भरपाईचा मुख्य प्रश्न. विमा कंपनीचा माणूस ज्याला ‘तुमचीही चूक’ म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केलेल्या आहेत. जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या हलगर्जीने अपघाताला किंवा इजेला हातभार लागला असेल, तर तो अंशदायी निष्काळजीपणा, आणि त्या प्रमाणात तिची भरपाई कमी होऊ शकते. परंतु जखमी व्यक्तीचा काहीच दोष नसून दोन किंवा अधिक त्रयस्थांच्या चुका मिळून तिला इजा झाली असेल, तर तो संयुक्त निष्काळजीपणा. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये टी. ओ. अँथनी प्रकरणात स्पष्ट केला. पुढे 2015 मध्ये खेन्येई प्रकरणात न्यायालयाने असे ठरवले की, संयुक्त निष्काळजीपणा असेल तेव्हा दावेदाराला दोषींपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई वसूल करता येते. तीन वर्षांच्या मुलीवर आपला पट्टा आपण लावला नाही असा दोष कोणी ठेवू शकत नाही. आईने तिला मांडीवर घेतले, ही चूक असेल तर आईची. ती मुलीच्या खात्यात टाकता येत नाही. पालकाची हयगय मुलाच्या माथी मारायची नाही, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयांनी 1933 च्या ऑलिव्हर प्रकरणातही पाळले होते. तेथे आजोबांबरोबर रस्ता ओलांडणाऱ्या चार वर्षांच्या मुलाचा दावा आजोबांच्या निष्काळजीपणामुळे अडला नाही. त्यामुळे टेम्पोचालकाची चूक सिद्ध झाली तर मुलीला पूर्ण रकमेची मागणी करता येते.

तरीही विमा कंपनीचा बचाव अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्याला दुसरे अंग आहे. कंपनी असे म्हणू शकते की मुलीला पूर्ण रक्कम मिळावी, पण त्यातील काही भाग आई आणि मामा यांनी उचलावा. इंग्लंडमधील जोन्स विरुद्ध विल्किन्स हे प्रकरण आपल्या प्रकरणाशी आश्चर्यकारक जुळते. तेथेही मूल आईच्या मांडीवर होते, मोटार नातेवाईक स्त्री चालवत होती आणि चूक समोरच्या चालकाची होती. न्यायालयाने आई आणि ती नातेवाईक यांचा मिळून 25 टक्के वाटा धरला. तो निर्णय आपल्या न्यायाधिकरणावर बंधनकारक नाही, पण अशी मागणी येऊ शकते हे गृहीत धरून चालावे. म्हणून मी दोन गोष्टी सुचवतो. मुलीच्या वतीने दावा तिच्या वडिलांनी दाखल करावा, कारण आपल्याविरुद्धच आरोप होण्याची शक्यता असताना आपण तिच्या प्रतिनिधी राहिलात, तर हितसंबंधांचा विरोध असल्याची हरकत निघेल. आपण साक्षीदार म्हणून या. आणि आपल्या मोटारीची पॉलिसी आजच काढून पाहा. ती पॅकेज (सर्वसमावेशक) पॉलिसी असेल तर खासगी मोटारीत बसलेल्यांचीही जबाबदारी तिच्यात येते, आणि आपल्या विमा कंपनीलाही प्रतिवादी करता येईल. केवळ थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तो आधार मिळणार नाही.

कंपनीने कमी भरपाईचा आग्रह धरला, तर तिच्यावर आणखी एक गोष्ट सिद्ध करण्याचा भार येतो. मोहम्मद सिद्दीक प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मोटारसायकलवर तिघे बसले हा कायदाभंग असला, तरी त्या बसण्याने अपघाताला किंवा इजेच्या परिणामाला हातभार लागला हे दाखवल्याशिवाय केवळ कायदाभंग म्हणून अंशदायी निष्काळजीपणा ठरत नाही. यातला ‘इजेच्या परिणामाला’ हा भाग आपल्या प्रकरणात निर्णायक आहे. मुलीच्या दोन इजा एकाच कारणाने झालेल्या नाहीत. मांडीचे हाड दार आत दबल्यामुळे मोडले असेल, तर पट्टा असता तरी ते वाचले असते का, हा प्रश्न कंपनीला अडचणीचा आहे. जबडा मात्र समोरच्या आसनावर आपटल्याने दुखावला, आणि तेथे कंपनीचा युक्तिवाद जोर धरतो. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 14 किलोच्या मुलाला धरून ठेवायला जवळपास 200 किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो. कोणत्याही आईचे हात त्याला पुरे पडणार नाहीत, आणि यावर न्यायाधिकरणापुढे वाद घालू नये. वाद घालायचा तो प्रत्येक इजेचे कारण वेगळे काढण्यासाठी. त्याकरिता आत दबलेल्या दाराची छायाचित्रे, परिवहन विभागाच्या निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल, पंचनामा, क्ष-किरण चित्रे आणि अस्थिशल्यचिकित्सकाचे कारणमीमांसेसह लेखी मत मिळवा. गाडी अजून दुरुस्तीला दिलेली नसेल तर आधी तिची छायाचित्रे काढा. दार गॅरेजमध्ये सरळ झाले की पुरावा गेला.

80 हजारांचा प्रस्ताव मात्र मी नाकारेन, आणि त्याचे कारण केवळ कायदेशीर नाही. या वयात मांडीचे हाड मोडल्यास बरे होताना तो पाय दुसऱ्यापेक्षा थोडा लांब वाढू शकतो, आणि पायांच्या लांबीत फरक राहील की नाही हे काही महिन्यांत नीट कळत नाही. त्याआधीच ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही करणे म्हणजे हाडाचे भविष्य न पाहता त्याची किंमत ठरवणे होय. दावा दाखल झाल्यावर अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायाधिकरणाची परवानगी लागते, आणि न्यायाधिकरण बहुधा रक्कम मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवते. आकड्यांचा अंदाज हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे मास्टर मल्लिकार्जुन प्रकरण पाहावे. मुलांच्या कायमस्वरूपी अपंगत्वासाठी, उपचारांचा आणि देखभालीचा प्रत्यक्ष खर्च वेगळा धरून, संपूर्ण शरीराचे अपंगत्व 10 टक्क्यांपर्यंत असल्यास एक लाख, 10 ते 30 टक्के असल्यास तीन लाख, असे तेथील मापन आहे. याहून गंभीर प्रकरणांत न्यायालय पुढे गेले आहे. 2020 च्या काजल प्रकरणात बारा वर्षांच्या मुलीचे उत्पन्न कुशल कामगाराच्या किमान वेतनावर धरले गेले.

शेवटचा मुद्दा मुदतीचा, आणि तो आपल्या पत्रातील सर्वांत तातडीचा आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 166 (3) नुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावयाचा असतो. आपल्याकडे दोन महिनेही उरलेले नाहीत. अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि तो सविस्तर अहवालच दावा म्हणून स्वीकारला जाऊ शकतो. पण तो गेला आहे असे मानून स्वस्थ बसू नये. संबंधित पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन दोन्ही अहवालांच्या प्रती मागा, त्यात मुलगी कोठे बसली होती याची नोंद काय आहे ते वाचा, आणि अहवाल गेलेला नसेल तर स्वतंत्र दावा दाखल करा. आपण राहता त्या भागातील न्यायाधिकरणापुढेही दावा चालतो, त्यामुळे अपघातस्थळाच्या न्यायालयात खेटे घालावे लागणार नाहीत.

भावाचा जबाब अजून व्हायचा असेल, तर त्याने टेम्पो कोणत्या बाजूने आला, स्वतःचा वेग किती होता, ब्रेक कधी लावला आणि मुलगी कोणाजवळ होती, एवढे जसे घडले तसे सांगावे, आणि जबाब वाचून घेतल्याशिवाय त्यातले काही कबूल करू नये.