व्हीलबेस सारखाच, मग आतल्या जागेत फरक का?

प्रश्न : आमचे सहा माणसांचे कुटुंब आहे. आईने सत्तरी ओलांडली असून तिला गुडघेदुखीचा त्रास आहे आणि थोरला मुलगा सहा फूट उंच आहे. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० या दोन गाड्यांपैकी कोणती घ्यावी, यावर घरात चर्चा चालू आहे. माहितीपत्रकानुसार दोन्ही गाड्यांचा व्हीलबेस २७५० मिमी आहे. शिवाय स्कॉर्पिओ-एन २७ मिमी जास्त रुंद आणि १०२ मिमी जास्त उंच आहे. त्यामुळे आत जागा तिच्यातच अधिक मिळेल, असे एका विक्रेत्याने सांगितले; परंतु बसून पाहिल्यावर घरातल्या सर्वांना एक्सयूव्ही ७०० अधिक ऐसपैस वाटली. हा आमचा भास आहे का?

उत्तर : हा भास नाही. विक्रेत्याने दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधले अंतर. त्यातला किती भाग माणसांच्या वाट्याला येतो, हे इंजिन कसे बसवले आहे आणि गाडीचा सांगाडा कोणत्या प्रकारचा आहे, यावर ठरते. नेमक्या याच दोन बाबतींत या गाड्या एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत.

स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या वेगळ्या पोलादी चौकटीवर बांधलेली आहे. तिचे इंजिन लांबीच्या दिशेने उभे बसवलेले असते आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे येतो, त्यामुळे लांबीचा बराच हिस्सा यंत्रसामग्रीतच खर्च होतो. एक्सयूव्ही ७०० मोनोकॉक पद्धतीची आहे, म्हणजे तिला वेगळी चौकट नसून बॉडी हाच सांगाडा असतो. तिचे इंजिन आडवे असून गिअरबॉक्स त्याच्या शेजारी बसतो, त्यामुळे डॅशबोर्ड पुढे सरकवता येतो आणि मागच्या दोन्ही ओळींना पाय ठेवायला जागा उरते. उंचीचेही तसेच आहे. स्कॉर्पिओ-एनची उंची १८५७ मिमी आणि एक्सयूव्ही ७००ची १७५५ मिमी असली, तरी हा १० सेंटीमीटरचा फरक सगळाच्या सगळा डोक्यावर मिळत नाही. फ्रेम तळाखाली असल्यामुळे गाडीचा तळच वर उचलला जातो आणि वाढीव उंचीचा मोठा वाटा तिथेच संपतो.

आता बसण्याच्या सुखाबद्दल. पाय पसरायला जागा आहे की नाही, एवढेच बहुतेक लोक पाहतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती तळापासून बैठकीपर्यंतची उंची. ही उंची कमी असली की गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि शरीराचा सगळा भार कमरेखालच्या दोन हाडांवर पडतो. पहिली दहा मिनिटे काहीच जाणवत नाही, तासाभरानंतर मात्र माणूस कूस बदलू लागतो. दोन्ही गाड्यांच्या मधल्या ओळीत याची काळजी घेतलेली आहे, आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये उंचावर बसल्यामुळे पुढचा रस्ताही छान दिसतो. तिसऱ्या ओळीत दोन्हींकडे गुडघे वर येतातच, मात्र एक्सयूव्ही ७००मध्ये ते तुलनेने सुसह्य आहे. आणखी एक कारण बैठकीखाली दडलेले आहे. स्कॉर्पिओ-एनचा मागचा धुरा अखंड आहे, म्हणजे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यालाही पोचतो; एक्सयूव्ही ७००ला मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापले वरखाली होते. तिसऱ्या ओळीतला माणूस जवळजवळ धुऱ्यावरच बसलेला असतो, त्यामुळे खड्ड्यांचा हिसका सर्वांत जास्त त्यालाच बसतो.

आईंसाठी चढण्यापेक्षा उतरणे नीट पाहावे, हे मी मुद्दाम सांगतो. चढताना हाताने दांडी धरून शरीर ओढून घेता येते. उतरताना मात्र पाय जमिनीला टेकेपर्यंत दुसऱ्या गुडघ्यावर संपूर्ण वजन येते. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर त्यांना तीन-चार वेळा चढउतार करू द्या आणि पाय खाली सोडताना त्या दाराला घट्ट धरतात की सहज उतरतात, याकडे लक्ष ठेवा. ज्या गाडीचा तळ कमी उंच, ती त्यांच्यासाठी बरी, म्हणजे इथे एक्सयूव्ही ७००.

मुलाच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. एक्सयूव्ही ७००च्या वरच्या श्रेणींत छताला मोठी काच असते आणि तिच्या चौकटीमुळे डोक्यावरची जागा काहीशी कमी होते. म्हणून जी श्रेणी घ्यायची आहे तीच बसून पाहावी. मुलाने आधी पुढची सीट स्वतःच्या सोयीने लावावी आणि मग तिच्याच मागे जाऊन ताठ बसावे. गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांच्यामध्ये बंद मूठ मावली आणि डोक्यावर आडवा पंजा सरकला, तर लांबच्या प्रवासाची चिंता नाही.

डिकीचा विचार तुमच्या पत्रात नाही, पण तो टाळता येणार नाही. सहा माणसे म्हणजे तिसरी ओळ कायम उघडी राहणार. तशा स्थितीत स्कॉर्पिओ-एनमध्ये सामानाला फारच थोडी जागा उरते, शिवाय तिची तिसरी ओळ एकसंध असल्यामुळे अर्धी दुमडता येत नाही. एक्सयूव्ही ७००ची तिसरी ओळ निम्मी-निम्मी दुमडते. मधल्या ओळीत तिघे बसले, तर तुमच्या सहाव्या माणसाला एका बाजूला बसवून दुसऱ्या बाजूला बॅगा ठेवता येतील. वाट वरचेवर कच्ची आणि चढणीची असेल, तर स्कॉर्पिओ-एनच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. तुम्ही सांगितलेल्या गरजांसाठी मात्र मी एक्सयूव्ही ७००च निवडली असती.

प्रश्न : मधल्या ओळीत सलग बाक असावा की दोन स्वतंत्र सीट?

उत्तर : मागे रोज कोणी बसणार असेल, तर स्वतंत्र सीट घ्याव्यात. मधल्या वाटेने मागे जाता येते आणि दरवेळी पुढच्याला उठवून सीट दुमडावी लागत नाही. एरवी बाक सोयीचा, कारण त्यावर दमलेल्या मुलाला आडवे झोपवता येते. अर्थात गाडी उभी असताना.