रेझिनचं कॉकपिट आणि न मिटणारं मिग

प्रश्न : वडील ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमान कारखान्यात, मिग-२१ या लढाऊ विमानावर काम करायचे. त्यांच्यासाठी १/४८ मापाचं प्लास्टिकचं मॉडेल किटमधून करतोय. वेगळं मागवलेलं रेझिनचं कॉकपिट किटच्या ग्लूने चिकटत नाही, आणि बॉडीचे दोन भाग मिटत नाहीत. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा ग्लू पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, विरघळवून जोडतो. रेझिन हे पॉलियुरेथेन, त्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. फेविक्विक वापरा, सरकवून बसवायचं असेल तिथे इपॉक्सी. त्याआधी सुटे भाग कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा. साच्याचा तेलकट थर राहिला तर रंगसुद्धा पापुद्र्यासारखा निघतो.

बॉडी मात्र दाबून मिटवू नका. माझं पहिलं मिग मी चिमटे लावून बंद केलं होतं. सकाळी पाठीवरची शिवण उकललेली! कॉकपिटच्या तळाला ओतकामाचा ठोकळा असतो, तोच आड येतो. तो बारीक करवतीने कापा, मग ओल्या पॉलिश पेपरवर तळ घासत राहा, उजेडाला धरल्यावर बोटाची सावली पलीकडून दिसेपर्यंत. बॉडीची भिंतही आतून खरवडा. दर दोन मिनिटांनी न चिकटवता बसवून बघा. ती पूड फुप्फुसात जाऊ देऊ नका, मास्क लावाच.

मागचा नॉझल, म्हणजे इंजिनाचं तोंड, तोही रेझिनचा असेल तर मिटवण्याआधी नाकात शिसं भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल.

आणि आतल्या निळसर-हिरव्या रंगाची छटा वडिलांनाच विचारा. त्यांनी ती रोज पाहिली आहे.