बापाच्या नावावाचून अडलेला जन्मदाखला

ताई, गोव्यात वास्कोजवळच्या झुआरीनगरातली सतरा वर्षांची अविवाहित आई, बाळ दीड महिन्याचं, बापाच्या नावावाचून दाखला अडलेला आणि ती आता तुमच्या संस्थेच्या बैठकीलाही फिरकत नाही, हे तुमच्या पत्रात वाचलं. आमचंही घोडं नेमकं इथेच अडायचं. लसीचे डोस, वजन, अंगणवाडीचा आहार तुम्ही बघत असालच.

आधी एक तपासा. नोंद राहत्या पत्त्यावर नव्हे, बाळंतपण झालं तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे होते. मूल बांबोळीच्या इस्पितळात जन्मलं असेल तर वास्कोत रांग लावून उपयोग नाही. इस्पितळातला जन्म इस्पितळानेच कळवायचा असतो. डिस्चार्ज कार्ड घेऊन तिथे विचारा. बऱ्याचदा नोंद झालेली असते, अडलेला असतो तो दाखला. नसलीच, तर 30 दिवसांनंतर वर्षभरापर्यंत लेखी परवानगी आणि विलंब शुल्क लागतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी नोटरीकडे जावं लागत नाही, स्वसाक्षांकित कागद पुरतो. बाळाचं नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका, ते वर्षभरात फुकट घालता येतं.

आता तो बापाच्या नावाचा रकाना. अविवाहित आईने दाखला मागितला तर मूल तिच्या पोटचं असल्याचं प्रतिज्ञापत्र तेवढं घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलंय. पण आमच्याकडच्या एका कार्यालयात रांगेसमोर मोठ्याने, "बापायचें नांव घेवन यो!" मग कोण पोर परत जाईल? काही घरांनी कंटाळून मामाचं नाव लावलं. ते मात्र होऊ देऊ नका. खोटी माहिती हा गुन्हा, आणि शाळाप्रवेशाच्या वेळी निस्तरताना नाकीनऊ येतात.

तोंडी बोलूच नका. अर्ज दोन प्रतींत, निकालाची प्रत जोडून. आपल्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का. "नाही म्हणायचं तर लेखी द्या" म्हटलं की बहुतेकांचा सूर बदलतो. नाही बदलला तर 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील. मी वकील नाही. मुलगी अल्पवयीन, तेव्हा प्रतिज्ञापत्र कुणाच्या सहीने करायचं ते विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला विचारा. बायका-मुलांना तो फुकट मिळतो.

आणि "कुणाला कळणार नाही" असा शब्द तिला देऊ नका. मुलगी अठराच्या खाली असेल तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही. ओळख फोडायला मात्र मनाई आहे, म्हणून गटाच्या व्हॉट्सॲपवर बाळाचा फोटोसुद्धा नको.

बैठकीचा हट्ट सध्या सोडा. एकटीने घरी जा, संस्थेचं ओळखपत्र पिशवीत ठेवून, आणि नळाला पाणी यायची वेळ टाळून. तेव्हा अख्खी चाळ दारात असते.