पूर ओसरल्यावर सोलापूरजवळ भीमेत कयाक कुठून उतरवता येईल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की हवेचा दोन सीटचा कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी, घेतलाय, पाऊस उघडलाय, सोलापुरातून पहाटे निघून संध्याकाळी घरी यायचंय, तर भीमा-सीनेवर कुणाच्या रानातून न जाता पाण्यापर्यंत पोचता येईल अशा जागा कुठल्या आणि पुरानंतर त्या वापरण्याजोग्या आहेत का. मी ह्या पट्ट्यात वल्हं मारत असतो म्हणून लिहितो, जरा लांबेल.

आधी एक सांगतो, आपल्याकडं पाट्या लावलेला, किलोमीटर लिहिलेला असा काही कयाकिंगचा मार्ग नाही. सार्वजनिक जागा म्हणजे देवळांचे घाट, पुलाशेजारची उतरण, होड्या लागतात ते धक्के आणि गावाचा पाणवठा, बस्स. बाकी काठ नकाशात मोकळा दिसतो, पण तिथवर जायची वाट कुणाच्या तरी उसातनंच जाते आणि पुरानंतर त्या उसाची काय अवस्था असते ते तुम्हीच बघा. लोक पंचनाम्याची वाट बघत बसलेत आणि आपण रंगीत जॅकेट घालून बांधावरनं रील काढत चाललोय, हे बरं दिसत नाही.

पुरानंतर कुठून उतरायचं हा प्रश्न माझ्या मते दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न बाहेर कुठं निघायचं. उतरताना तुम्ही ताजेतवाने असता, दहा मिनिटं शोधून जागा काढाल, पण संध्याकाळी हात भरून आलेत, प्रवाह ओढतोय आणि काठ उभा कापला गेलाय, तिथं पर्याय राहत नाही. म्हणून निघायची जागा आदल्या दिवशी गाडीनं जाऊन पायानं तपासायची. मागच्या उन्हाळ्यात चांगली होती हे पुरानंतर काही कामाचं नाही.

सोलापूरकरांसाठी सगळ्यात सोयीची जागा माचणूर. मंगळवेढा रोडवर बेगमपूरचा पूल ओलांडला की आलंच, साधारण ४० किलोमीटर. सिद्धेश्वराच्या देवळापासून नदीपर्यंत दगडी पायऱ्या आहेत, गाडी वर लावता येते, आणि पात्रात जटाशंकराचं छोटं देऊळ आहे ते तुमचं मोजमाप. ते पाण्यात असेल तर दर्शन घ्या, चहा प्या, परत या. ते मोकळं झालं तरी खालच्या पायऱ्या लगेच मोकळ्या होत नाहीत. पूर उतरतो तसा गाळ बसतो, वरून उन्हानं खपल्या धरून तडे गेलेले असतात, बघणाऱ्याला वाटतं वाळलाय, आणि पाय ठेवला की खाली लोण्यासारखा मऊ, घोटा आत. त्याच्याखाली पायरीची कड कुठं संपते ते दिसत नाही. काठी टोचत उतरायचं, कयाक आधी खाली नेऊन ठेवायचा आणि मग माणूस. आणि सँडल नको, पट्ट्याचे बूट घाला, पायाला चीर असेल तर गाळात उतरूच नका, लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातनं जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस आजाराचा, धोका पुरानंतर खरा असतो.

दुसरी जागा हत्तरसंग कुडल, विजापूर रोडनं. भीमा-सीनेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, मराठीतला शके ९४० चा शिलालेख तिथलाच, म्हणजे १०१८ साल. जागा सुंदर आहे, पण पुरानंतर मी तिथं उशिरा जातो. दोन नद्या वेगवेगळ्या वेळी चढतात-उतरतात, भीमा शांत दिसत असते आणि सीनेतून अचानक लोंढा येतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं काय केलं ते आपण बघितलंच, पुणे हायवे लांबोटीला बंद ठेवायची वेळ आली. शिवाय पलीकडचा काठ कर्नाटक, तिकडं लागलात तर गाडी इकडं आणि तुम्ही तिकडं.

पंढरपूरचं लोक पहिल्यांदा सुचवतात कारण घाटच घाट, महाद्वार, उद्धव, दत्त, कुंभार. मी म्हणेन पुरानंतर तिथं कयाक काढू नका. पुंडलिकाच्या देवळाभोवती गाळ उपसायचं काम चालू असतं, जुन्या दगडी पुलाला जलपर्णी आणि झाडं अडकलेली असतात, आणि कार्तिकी जवळ आली की गर्दी. वाळवंटात वाळू उपशाचे खड्डे आहेत, गुडघाभर पाण्यातनं एका पावलात डोक्यावर पाणी जातं. आणि पावसानं भिजलेल्या घाटाच्या भिंतींखाली बसून डबा खायचा नाही, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कुंभार घाटाची भिंत कोसळून ६ जण गेले होते. तिथं जाऊन करायचं काम एकच, होडीवाल्या कोळी मंडळींशी बोलायचं. पाणी आज कुठल्या काठानं ओढतंय हे त्यांना न बघता कळतं.

आता बंधारे, ह्याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून जरा जोरात सांगतो. भीमेवर गुरसाळे, माचणूर, औज, चिंचपूर असे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत, आणखीही आहेत. पावसाळ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायला खांबांमध्ये बसवतात त्या फळ्या, काढलेले असतात पण खांब असतातच. पाणी बंधाऱ्यावरनं जात असेल तर वरच्या बाजूनं, कयाकमध्ये बसून, तुम्हाला फक्त एक सपाट रेघ दिसते आणि आवाज पण फार नसतो. खाली पाणी उलटं फिरत असतं, ते माणसाला जॅकेटसकट परत परत भिंतीकडं ओढतं. म्हणून सॅटेलाइट नकाशावर नदी पूर्ण बघून घ्या, पात्राला आडवी सरळ रेघ दिसली की तो बंधारा समजा, आणि तुमची सुरुवात आणि शेवट दोन्ही त्याच्या एकाच बाजूला ठेवा. कयाक उचलून बंधारा पार करू वगैरे प्लॅन पुरानंतर नको, कडेचा भराव तुटलेला असू शकतो.

पाणी किती हे बघायला उजनी धरणाच्या विसर्गाचा आकडा पेपरात रोज येतो. नदीत नुसतं वीजनिर्मितीचं १६०० क्युसेकच्या आसपास सुटत असेल तर मी निघतो, सांडव्यातनं सोडायला लागले की कयाक घरी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, मग लाखाचा विसर्ग म्हणजे काय ते धरा. पण नुसतं उजनी बघून चालत नाही, नीरा नरसिंहपूरला भीमेत मिळते, म्हणजे उजनीच्या खाली, त्यामुळं वीर धरणातनं काय सुटलंय ते पण बघायचं. कुडलच्या खाली जाणार असाल तर सीनेवरचं सीना-कोळेगाव धरण पण.

अजून एक, मोटारी. काठानं शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या मोटारी असतात, पुराआधी त्या वर काढून घेतात आणि पाणी उतरलं की परत बसवतात, त्या गडबडीत केबल बाभळीवरनं, कधी पाण्यातनं नेलेली असते. काठाला लागताना लोखंडी पाइप, केबल दिसली की लांब राहा, हातानं धरून तर अजिबात ओढायचं नाही, लाइट आहे का नाही हे कळायला मार्ग नाही.

पुरानंतर लगेचच हौस भागवायची असेल तर उजनीचं बॅकवॉटर, करमाळ्याकडून कुगाव वगैरे बाजूनं. प्रवाह जवळजवळ नाही, धोका वाऱ्याचा. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी होडी वादळात उलटून ६ जण बुडाले. म्हणून सकाळी जा, काठ धरून चला, ढग दिसला की बाहेर.

पोलीस पाटलाला किंवा ग्रामपंचायतीत फोन करून सांगून ठेवा. पहाटे नदीकाठी चारचाकी उभी दिसली की आपल्याकडं पहिला संशय वाळूचा येतो, मग तुम्ही पाण्यात आणि गाडीभोवती तलाठी असा प्रकार होतो.

आणि तुमचा हवेचा आहे म्हणून, पुरात वाहून आलेली वेडी बाभूळ सगळ्या उतरणींवर गाळात रुतलेली असते, काटे वर. कयाक ओढत नेऊ नका, दोघांनी उचलून न्या, हवा पाण्याजवळच भरा, आणि पंक्चरचं किट डिकीत न ठेवता बोटीत ठेवा.