वाचक विचारतात : वाणसामानाच्या दुकानातला एस्प्रेसो

प्रश्न : आमच्या सुपरमार्केटात शिरल्याशिरल्या एका नामांकित कॉफी साखळीचा गाळा आहे. पाटी तीच, कप तोच, दरही साधारण तोच. पण त्याच साखळीच्या रस्त्यावरच्या दुकानातला एस्प्रेसो वेगळाच लागतो. इथला कधी खवट, कधी पाणचट. बिया एकच असताना असं का व्हावं? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : पाटी साखळीची असली तरी कप भरणारा माणूस बहुधा सुपरमार्केटचा नोकर असतो. सेफवे, क्रोगर, टार्गेट यांच्या दुकानांत असलेले स्टारबक्सचे गाळे बहुतेक असेच परवान्यावर चालतात. तरी सगळं खापर त्या माणसाच्या माथी फोडू नका. अशा ठिकाणी यंत्र बरेचदा पूर्ण स्वयंचलित असतं. दळायचं, दाबायचं, पाणी सोडायचं, सगळं एका बटणावर; हात चुकायला वावच कमी.

खरी गोम खपात आहे. रस्त्यावरच्या दुकानात सकाळच्या रांगेत हॉपर (यंत्रावरचा बिया भरायचा डबा) रिकामा होऊन पुन्हा भरला जातो. सुपरमार्केटातला गाळा दुपारभर माशा मारत बसतो आणि बिया पारदर्शक हॉपरमध्ये दिव्याखाली पडून राहतात. काळपट भाजलेल्या बियांवर तेल आलेलं असतं. ते प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटतं, त्याचा थर बसतो आणि महिनाभर डब्यात राहिलेल्या दाण्याच्या कुटाला येतो तसा वास त्याला येऊ लागतो. रात्री यंत्रात साफसफाईची गोळी टाकली म्हणजे झालं, असा समज असतो. पण ती गोळी कॉफी गाळणाऱ्या भागातून फिरते, हॉपरमधून नाही. तो काढून, साबणाने धुऊन, कोरडा करूनच बसवावा लागतो. हे काम कुणाच्याच वाटणीला येत नाही.

पाणचटपणाचं कारण निराळं. ग्राइंडर म्हणजे शेवटी जातंच. पाती झिजली की दळण भरड आणि कमीजास्त पडतं, पाणी अडत नाही आणि २५-३० सेकंदांत उतरायचा शॉट, म्हणजे एका खेपेचा एस्प्रेसो, १२-१५ सेकंदांत भळाभळा वाहून जातो. चव आंबट, पोकळ. जात्याला टाकी लावून घेता येते. ही पाती मात्र बदलावीच लागतात, आणि तंत्रज्ञ येईपर्यंत दळणाची जाडी कुणी बदलत नाही.

प्रश्न : पैसे देण्याआधी ओळखण्याची काही खूण? (ठाणे)

उत्तर : वाफेची नळी पाहा. तिच्यावर दुधाचा पिवळसर, कडक पापुद्रा धरलेला दिसला तर पुढचं काही पाहायला नको. दूध तापवल्यावर नळी तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसायची आणि क्षणभर वाफ सोडायची, इतकं साधं काम जिथे होत नाही तिथे आतली जाळी कुणी धूत असेल ही आशा सोडा. यंत्र स्वयंचलित नसेल तर मग पोर्टाफिल्टर (पूड भरून यंत्राला अडकवायचा मुठीचा दांडा) कुठे आहे ते बघा. तो यंत्रातच अडकवलेला हवा. बाहेर ओट्यावर गार पडलेला असेल तर पहिला शॉट त्या धातूलाच ऊब देण्यात जाणार. आणि हॉपरच्या भिंतीवर तपकिरी, तेलकट पट्टे असतील तर सरळ चहा घ्या.

प्रश्न : दाट क्रेमा (एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस) म्हणजे उत्तम एस्प्रेसो ना? (नाशिक)

उत्तर : नाही. रोबस्टा जातीच्या बिया जास्त घातल्या की क्रेमा दाट येतो, बिया अगदी ताज्या भाजलेल्या असल्या की तो फुगतोही. अजिबातच नसेल तर बिया बहुधा शिळ्या, पण तेही खात्रीने म्हणता येत नाही. मिलानच्या गॅजियाने बनवलेल्या, दांडा ओढून चालवायच्या यंत्रातून १९४८ च्या सुमारास हा फेस पहिल्यांदा कपावर आला, तेव्हा मिलानमधली गिऱ्हाइकं त्याकडे संशयानेच बघत होती.

प्रश्न : आमच्या सुपरमार्केटात कॉफीचा काउंटर टाकला आहे. एका ग्रुपचं (कॉफी उतरायचं एकच तोंड असलेलं) हीट एक्स्चेंजर यंत्र (बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत कॉफीचं पाणी तापवणारं) आणि वेगळा ग्राइंडर आहे. दिवसाला १५ ते ४० कप जातात. चव एक दिवस बरी, एक दिवस वाईट. रोजचं काम नेमकं कसं लावावं? (कोथरूड, पुणे)

उत्तर : आधी हिशोब. डबल शॉटला १८ ग्रॅम धरले तर ४० कपांना ७२० ग्रॅम बिया लागतात, १५ कपांना जेमतेम २७०. हॉपरमध्ये किलोची पिशवी रिकामी करू नका. अर्ध्या दिवसापुरतंच घाला, बाकीचं घट्ट बंद. पिशवीवर भाजल्याची तारीख नसेल तर ती घेऊच नका. भाजल्यापासून साधारण एक ते चार आठवडे हा काळ बरा. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या यंत्रात कधीही नको: ओली झाली की चिकट होते आणि बास्केट (पोर्टाफिल्टरमधली भोकांची वाटी) तुंबते.

सकाळी यंत्र किमान अर्धा तास आधी चालू करा, पोर्टाफिल्टर लावलेला ठेवून. काट्यावर १८ ग्रॅम पूड मोजा, कपात ३६ ग्रॅम उतरायला २५ ते ३० सेकंद लागतात का पाहा. लवकर उतरलं तर दळण बारीक करा, ४० च्या पुढे गेलं तर भरड. एका वेळी थोडंसंच फिरवा आणि फिरवल्यावर पहिला शॉट टाकून द्या, कारण ग्राइंडरच्या नळीत जुनं दळण अडकलेलं असतं. पावसाळ्यात हे दिवसातून दोनदा करावं लागेल. हवा दमट झाली की सकाळी जमलेलं दळण दुपारी जमत नाही.

तुमच्या एक दिवसाआडच्या दुखण्याचं मूळ बहुधा रिकाम्या वेळात आहे. हीट एक्स्चेंजर यंत्र वीस मिनिटं स्वस्थ राहिलं की नळीतलं पाणी नको तितकं तापतं आणि पुढचा शॉट करपट लागतो. म्हणून गिऱ्हाईक आलं की आधी ग्रुपमधून पाणी सोडा. सुरुवातीला ते फुत्कारत, वाफाळत पडेल; फुत्कार थांबून धार शांत झाली की बंद करा, मग पोर्टाफिल्टर लावा. अर्धा तास ग्राइंडर चालला नसेल तर पहिली ४-५ ग्रॅम पूड फेका. जीवावर येतं, पण कप परत येण्यापेक्षा स्वस्त पडतं.

रात्री बास्केटच्या जागी भोक नसलेली बास्केट लावा, एस्प्रेसो यंत्र साफ करायची पावडर ३ ग्रॅम टाका, पंप १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं पाच वेळा. पहिल्या खेपेला खालच्या नळीतून चहासारखं तपकिरी पाणी येईल. मग पावडरीशिवाय पुन्हा पाच वेळा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. (दाब बाहेर सोडणारा तीन मार्गी व्हॉल्व्ह नसलेल्या छोट्या घरगुती यंत्रावर हा प्रयोग करू नका.) बास्केटी आणि पोर्टाफिल्टर त्याच पावडरीच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पोर्टाफिल्टरची मूठ बाहेर ठेवून. ग्रुपमधला रबराचा गॅस्केट (पाणी अडवणारं कडं) कडक होऊन कडेने पाणी झिरपू लागलं की बदला.

पाणी बोअरवेलचं असेल तर बॉयलरमध्ये क्षार बसणार, सॉफ्टनर लावा. मात्र पूर्ण आरओचं पाणीही देऊ नका. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने कॉफी बेचव होते, शिवाय बॉयलरमधल्या पातळीच्या काडीला पाणी असल्याचं कळत नाही आणि बॉयलर गळ्यापर्यंत भरत राहतो. आरओत थोडं गाळलेलं नळाचं पाणी मिसळलं की दोन्ही प्रश्न सुटतात.

दूध फ्रिजमधलं गारच घ्या आणि ६०-६५ अंशांवर थांबा. ‘कडक गरम’ मागणारी मंडळी असतीलच. त्यांच्यासाठी कप गरम पाण्याने तापवा. दूध ७० च्या पुढे नेलं की गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. एकदा वाफवलेलं दूध पुन्हा वाफवू नका.

प्रश्न : एवढं सगळं वाचून, सुपरमार्केटात शेवटी मागावं काय? (एडिसनच्याच वाचकाचा दुसरा प्रश्न)

उत्तर : गाळ्यावर गर्दी असेल तर डबल एस्प्रेसो, लहान कपात. गर्दी नसेल तर दुधाचं काहीतरी. खवटपणा दुधात बराच झाकला जातो. आणि संध्याकाळी सात वाजता गेलात तर फिल्टरची कॉफी ताजी करून द्याल का, एवढं विचारा.