पीपीई किट घालूनही नर्सना कोविड कसा काय व्हायचा?

तुम्ही विचारलंय की अंगभर किट चढवूनही स्टाफला लागण कशी व्हायची, आणि बहीण नर्सिंगला असल्यामुळे तुम्हाला पुढच्या साथीची धास्ती आहे. मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, नाव नको. २०२० सगळं वॉर्डात गेलं, स्वतः पॉझिटिव्हही झाले.

कोविड वॉर्डात भीती होतीच, पण घाबरलेला माणूस सावधही असतो. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणी आजारी पडल्या त्या साध्या वॉर्डातून. पाय मोडला म्हणून आलेला पेशंट, ना ताप ना खोकला, त्याच्याजवळ कोण किट घालून जाणार? लक्षणं दिसायच्या दोनेक दिवस आधीपासूनच हा विषाणू पसरतो, हे सुरुवातीला कोणाच्या गळी उतरत नव्हतं.

दुसरं, किट काढणं. घालताना दुसरी सिस्टर समोर उभी राहून तपासायची. काढताना मात्र सहा तास पाण्याचा घोट नाही, लघवी दाबून धरलेली, मे महिन्याचा उकाडा, ग्लोव्ह्जमध्ये घामाने बोटं सुरकुतलेली. आधी ग्लोव्ह्ज, मग गाऊन, मग गॉगल, दर वेळी मध्ये हात साफ, आणि एन-९५ मास्क सगळ्यात शेवटी, वॉर्डाबाहेर. क्रम पाठ होता. पण नाकावरचा वळ इतका खाजायचा की हात आपोआप वर जायचा.

मला मात्र लागण झाली ती बहुतेक जेवणाच्या खोलीत. एवढीशी खोली, एसी चालू, खिडकी रंगाने चिकटून बसलेली. आम्ही चौघी मास्क हनुवटीला लावून डबे उघडून बसायचो. एकीने सुक्या बोंबलाची चटणी आणली होती. तीन दिवसांनी तिलाच तिच्या चटणीचा वास येईना. सुक्या बोंबलाचा वास येत नाही म्हटल्यावर रिपोर्टची गरजच नव्हती खरं तर! चौघींपैकी तिघी पॉझिटिव्ह.

आणि डॉक्टर किती आजारी पडले, नर्स किती, हे सगळे विचारतात. मामा-मावशींचं, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांचं, कोण विचारतं? बेडपॅन, चादरी, बॉडी गुंडाळणं, सगळं त्यांच्याकडे. इंट्युबेशन करणाऱ्या, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालणाऱ्या डॉक्टरचा चेहरा पेशंटच्या तोंडापाशी असतो, तो धोका मोठाच, पण चांगलं किट आधी त्यालाच मिळायचं. आमच्याकडे सुरुवातीला एन-९५ मोजून यायचे, मावशींपर्यंत साधा सर्जिकल मास्क पोचायचा. किट काढायच्या क्रमाचा तक्ता भिंतीवर होता, तोही इंग्रजीत. शेवटी एका सिस्टरने मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत लिहून तो उलटा चिकटवला. लोकल १५ जूनला अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली, तोवर आमच्या मावशी डोंबिवलीहून एसटीने यायच्या आणि रात्री दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत झोपायच्या.

लस १६ जानेवारी २०२१ पासून आधी आम्हालाच मिळाली. पण मुंबईत हवेतूनच पसरणारा टीबी काय कोविडनंतर आलाय? टीबीच्या पेशंटजवळ जायला एन-९५ मागितला, तर पूर्वी ‘काय होतंय सिस्टर’ असं ऐकावं लागायचं.

बहिणीला सांगा, वॉर्डाइतकंच जेवणाच्या सुट्टीत जपायचं. आमच्या खोलीची खिडकी आम्ही बऱ्या होऊन परतल्यावर सुताराकडून उघडून घेतली. आता कावळे येतात, पोळी सांभाळावी लागते.